आकोंगच्या ताटातला भात

सकाळी खाईच्या पायऱ्यांजवळच्या कोपऱ्यात एकोणीस मासे मेलेले होते. चौदा पाण्यावर उताणे तरंगत होते, पाच काठाच्या चिखलात अर्धे रुतले होते. सगळे वीतभराचे, म्हणजे उन्हाळ्याच्या शेवटी आकोंगनी, माझ्या आजोबांनी, सोडलेल्या पिल्लांपैकी. अंगावर जखम नव्हती, खवले शाबूत होते. कल्ले उचलून पाहिले तर आत अजून लाली होती. मग मी खाईचा सगळा काठ चालून आले. बाकी कुठेही एकही मेलेला मासा नव्हता.

मला ते खटकलं. वारा उत्तरेचा होता, जोरात होता, आणि मेलेला मासा वाऱ्याबरोबर वाहत जातो. हे मासे दक्षिणेच्या काठाला सापडायला हवे होते. पायऱ्यांचा कोपरा उत्तरेला, कुडाच्या आडोशाला, आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या दारापाशी. म्हणजे ते वाहून आले नव्हते. तिथेच मेले होते.

बाबा छातीपर्यंतचा रबरी पोशाख घालून पाण्यात उभे होते आणि कुडाचा सुटलेला बांबू पुन्हा बांधत होते. दंडाला टाचलेला सुतकाचा तागाचा तुकडा भिजून काळा झाला होता. शंभरावा दिवस होईपर्यंत दाढी करायची नाही, म्हणून वाढलेली दाढी ते मधूनमधून मनगटाने खाजवत.

"किती?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

"एकोणीस."

"काल?"

"सात."

"बरं. पाटीत टाक. आणि मोठ्या काकांचा फोन आला तर आकडे सांगू नकोस."

"ते मला कशाला विचारतील?"

"तुलाच विचारतील. मला विचारून त्यांना काय मिळणार आहे?"

मी मासे पाटीत टाकले. थंडीने बोटांची टोकं बधिर झाली होती. मासा हातातून निसटला तरी कळत नव्हतं, आवाज आल्यावर कळायचं.

आकोंग शरद ऋतूत गेले. तेव्हा ही पिल्लं बोटाएवढी होती. सबाही हा आमच्या किनाऱ्याचा मासा, चांदीसारखा, शेपटीला कात्री असलेला, चवीला उत्तम आणि थंडीला अगदी नाजूक. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की तो आडवा होतो, आणि तसंच राहिलं तर उठत नाही. म्हणून हिवाळ्याच्या तोंडावर मोठ्या उथळ तळ्यांतले मासे हाकून या अरुंद, खोल खाईत आणायचे. उत्तरेच्या बाजूने बांबू आणि गवताचा उंच कूड घालायचा. आणि थंडी येणार असं दिसलं की खाणं बंद करायचं. रिकाम्या पोटाचा मासा तळाशी जाऊन निपचित पडून राहतो, आणि तळाचं पाणी वरच्यापेक्षा उबदार असतं. एवढंच सगळं शास्त्र. आकोंगनी ते आयुष्यभर केलं. बाबांनी लहानपणी पाहिलं, पण नंतर वीस वर्षं ते काओशिउंगच्या बंदरावर क्रेन चालवत होते. आकोंग अंथरुणाला खिळले तेव्हा परत आले. एकट्याने हिवाळा काढायची ही त्यांची पहिलीच वेळ.

आणि या हिवाळ्यावर सगळं होतं. आमच्या दोन्ही बाजूंच्या तळ्यांवर आता सौर विजेची पॅनेलं आहेत. त्या कंपनीची माणसं तळी मागायला आकोंगच्या सातव्या दिवसाच्या विधीलाच येऊन बसली असती, पण मोठ्या काकांनी त्यांना थांबवलं. काका वाईट नाहीत. त्यांनी बाबांना अंत्यविधीच्या मांडवातच, सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "तेक, दादांचे मासे आहेत, मी मध्ये येत नाही. हिवाळ्यातून अर्ध्याहून जास्त जिवंत निघाले तर तळी तू चालव. मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही निघाले तर सही कर." वडिलांना ते दोघे दादा म्हणत. बाबा हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

मी तैपेईला शिकत होते तेव्हा हिवाळ्यात आकोंगचा रोज फोन यायचा. जेवलीस का, अभ्यास कसा, काही नाही. "तिकडे किती आहे?" एवढंच. मी खिडकीत टांगलेल्या तापमापकात बघून सांगायचे, तेरा. "म्हणजे आमच्याकडे उद्या," म्हणायचे आणि ठेवून द्यायचे. थंडी उत्तरेकडून खाली येते. त्यांना वाटायचं नात तिथे शिकायला नाही, पहाऱ्याला ठेवली आहे. मैत्रिणी हसायच्या. पण परीक्षेच्या दिवसांतसुद्धा मी तो आकडा चुकवला नाही. सुट्टीत मी घरी आले की ते स्वतः माशाचं डोकं आणि शेपूट घ्यायचे, पोटाचा चरबीचा भाग माझ्या वाटीत ठेवायचे. सबाहीला काटे फार. मी पदवीधर झाले तरी ते एकेक काटा काढूनच मला मासा द्यायचे. "शिकलेल्या माणसाच्या घशात काटा अडकला तर लोक काय म्हणतील?"

आता तैपेईला फोन करावा असं कोणी नव्हतं. मी सगळं जग दाखवणाऱ्या फोनवर हवामान पाहत होते आणि बाबा दर थोड्या वेळाने विचारत होते, "पारा अजून उतरणार म्हणतायत?"

"उतरणार म्हणतायत."

घरात आमा आकोंगचं सकाळचं जेवण मांडत होती. आमा म्हणजे आजी. मी जन्मल्यापासून बाबाही तिला आमाच म्हणतात. दिवाणखान्याच्या कडेला छोट्या टेबलावर आकोंगचा फोटो आहे. मच्छीमारांच्या सहलीतला, टोपी काढायला लावून घेतलेला, म्हणून केस चपटे बसलेले. शंभराव्या दिवसापर्यंत मेलेल्या माणसाला दोन वेळचं जेवण द्यायचं असतं. आमाने आधी गरम पाण्याचं भांडं, टॉवेल आणि दातांचा ब्रश ठेवला.

"उठा. तोंड धुवा," ती फोटोला म्हणाली. "पाणी गरम आहे. मग निवलं म्हणून माझ्या नावाने ओरडू नका."

मग भात, उकडलेलं अंडं, खारवलेला मुळा आणि आल्याचं सूप. वाटी मोठी होती. पूर्वी एवढी नव्हती.

"आमा, भात जास्त नाही का झाला?"

"थंडी किती आहे. थंडीत भूक लागते."

उदबत्ती अर्धी जळाल्यावर तिने दोन नाणी हातात घेतली, डोळे मिटले, "जेवलात का?" असं विचारलं आणि नाणी फरशीवर टाकली. एकावर चेहरा, एकावर आकडा आला तर हो. दोन्ही आकडे आले तर नाही. दोन्ही चेहरे आले तर ते नुसते हसतायत, प्रश्न नीट विचारा. पहिल्यांदा नाही आलं. दुसऱ्यांदाही नाही. आमाचा चेहरा बारीक झाला. तिसऱ्यांदा हो आलं तेव्हा तिने श्वास सोडला आणि ताट उचलून स्वयंपाकघरात गेली.

हा भात आमच्या घरात कोणी खात नाही. शेजारी खातात. आमा खाऊ देत नाही. मेलेल्या माणसाने जेवलेल्या अन्नाला चव राहत नाही, असं ती म्हणते. शेजारच्या छुईसेंग काकांच्या बदकांना घालते म्हणून सांगायची.

दुपारी छुईसेंग काका आले. त्यांचं तळं आमच्या दक्षिणेला, तिथे अजून पॅनेलं आलेली नाहीत. सुतकाच्या घरात नव्या वर्षाचा गोड केक वाफवत नाहीत, शेजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो, म्हणून दोन आणले होते, वर्तमानपत्रात गुंडाळून.

"बिंगतेक, तुझा चेहरा बघून मासे मरायचे," ते बाबांना म्हणाले. "दाढी केव्हा करणार?"

"अजून वेळ आहे शंभराव्याला."

"तोवर कंपनीचे लोक तुला बघून परत जातील. तेवढाच फायदा."

बाबा हसले नाहीत. मी चहा दिला आणि म्हणाले, "काका, तुमची बदकं या थंडीतही आमाचा भात खातात का?"

"कुठला भात?"

"आकोंगचा. ती रोज घालते ना."

छुईसेंग काकांनी कप खाली ठेवला. "माझ्या बदकांनी तुमच्या घरचा एक दाणा पाहिलेला नाही, सोह्वा. पाहिला असता तर एवढी हडकुळी राहिली असती का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठून मागच्या अंगणात गेले, पाटीतला एक मासा घेतला आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने पोट कापलं. उपाशी सबाहीचं आतडं बारीक, हिरवट आणि रिकामं असायला हवं. हे फुगलेलं होतं. चिरल्यावर आतून पांढरा लगदा आला. त्यात भाताची शितं अजून ओळखू येत होती. मी दुसरा कापला, तिसरा कापला. तिसऱ्यात खारवलेल्या मुळ्याचा चौकोनी तुकडा होता.

बाबा मागे येऊन उभे होते.

"सगळ्यांत?"

"तीन पाहिले. तिन्हीत."

ते खाली बसले. एक चिरलेला मासा उलटून पाहत म्हणाले, "म्हणजे सकाळ-संध्याकाळ ते वर येतात. पायऱ्यांपाशी."

"थव्यातले दहा पुढे गेले की शंभर मागे येतात. वरचं पाणी सगळ्यात गार असतं ते सकाळीच. आणि पोट भरलेलं. पचत नाही, तळाशी जाववत नाही."

"ती घालतेय, आणि आपण एवढे दिवस बांबू बांधतोय."

छुईसेंग काका दारातून म्हणाले, "तिला सांगा."

"तू सांग," बाबा मला म्हणाले. "तू शिकलेली आहेस."

"तुमची आई आहे."

"माझी आई आहे म्हणूनच म्हणतोय."

तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. मोठे काका होते. बातम्यांत थंडीचा इशारा पाहिला होता, वारा पडला की येतो म्हणाले. बाबा नुसते "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी पाटी उचलली, फावडं घेतलं आणि बांधाच्या पलीकडे, गवतात, खड्डा खणायला गेले. मासे पुरताना ते दोन्ही बाजूंना बघत होते. जमीन मिठाची, घट्ट. फावडं आपटत होतं आणि तो आवाज वाऱ्यातही ऐकू येत होता.

संध्याकाळी आमा पुन्हा ताट मांडायला लागली. उदबत्ती लावायच्या आधी बाबा तिच्यासमोर उभे राहिले.

"आमा. भात."

"शिजलाय."

"तो नाही. दादा जेवल्यावर उरतो तो. कुणाला घालतेस?"

"बदकांना."

"छुईसेंग म्हणतो, त्याच्या बदकांना मिळत नाही."

"छुईसेंगची बदकं बोलायला लागली?"

मी बशी पुढे केली. बशीत मुळ्याचा तुकडा होता. आमाने तो दिव्याकडे धरून पाहिला. तिचा मुळा चिरायचा हात ओळखू येतो, कडा तिरक्या असतात.

"कुठे मिळाला?"

"माशाच्या पोटात," मी म्हणाले. "मेलेल्या माशाच्या."

ती टेबलाच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "त्यांचेच मासे आहेत. त्यांनी खाल्लं काय आणि माशांनी खाल्लं काय."

"थंडीच्या आधी ते माशांना उपाशी ठेवायचे, आमा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी हळू होता. "तुला माहीत आहे."

"मला नाही तर कुणाला माहीत? लग्न होऊन आले त्याच हिवाळ्यात भांडले होते मी त्यांच्याशी. मुकी जनावरं उपाशी आणि हा माणूस दोन वाट्या भात खातो, म्हणून. आठवडाभर बोलले नाहीत माझ्याशी." ती थांबली. "थंडी गेल्यावर जाळं ओढून मासे दाखवले. तेव्हासुद्धा काही बोलले नाहीत. नुसते दाखवले."

"मग आता का घातलास?"

आमा फोटोकडे वळली. उदबत्ती लावली, नाणी घेतली. "त्यांनाच विचारते."

बाबांनी मला डोळ्याने गप्प बसायला सांगितलं.

"भात माशांना घालू नको ना?" आमाने विचारलं. नाणी पडली. दोन आकडे. नाही.

"घालू नको ना?" पुन्हा दोन आकडे.

बाबांच्या कपाळावर, एवढ्या थंडीत, घाम आला होता. मला मनात शक्यता मांडता येत होत्या, नाही येण्याची किती, हो येण्याची किती. त्याने काही उपयोग नव्हता, कारण आमा तो आकडा मानणार नव्हती आणि बाबा आमाला डावलणार नव्हते.

"प्रश्न चुकतोय," बाबा म्हणाले. "वेगळा विचार."

"कुत्र्यांना घालू का?" नाही.

"पुरून टाकू का?" दोन चेहरे. हसले.

"हसतायत," आमा म्हणाली. तिला थोडं बरं वाटलं. "भात पुरायचा म्हटल्यावर हसणारच. आयुष्यभर वाटी पुसून खाणारा माणूस."

"मग आम्ही खाऊ का, असं विचार."

आमाचा हात थांबला. नाणी मुठीत घट्ट धरली.

"ते नाही विचारणार."

"का?"

"नाही विचारणार म्हणजे नाही."

वाऱ्याने मागचं दार हललं. सुपावरची वाफ संपली होती. आमा फोटोकडे न बघता, टेबलाच्या पायाकडे बघत बोलली.

"पहिल्या दिवशी मी खाणार होते. शेजारी खातात तसं. घास उचलला, तोंडापर्यंत नेला. आणि मनात आलं, चव लागली तर?"

बाबांनी हलणारं मागचं दार लावून घेतलं.

"चव नाही लागली तर जेवून गेले. पण लागली तर? तर ते आलेच नाहीत. मग मी रोज दोन वेळा वाढतेय ते कुणाला?" तिने मुठीतली नाणी चोळली. "नाण्यांचं काय. तीनदा टाकली की कधीतरी हो येतंच. मला कळत नाही का? म्हणून जाऊन पायऱ्यांवर ओतलं. मासे आले, भराभर खाऊन गेले. त्यांना काही विचारायचं नसतं."

बाबा पुढे झाले आणि त्यांनी टेबलावरची वाटी उचलली.

"अजून विचारलं नाही त्यांना," आमा म्हणाली. "जेवून झालं का ते विचारलं नाही."

"मी खाऊन झाल्यावर विचार."

ते उभ्या उभ्याच खाऊ लागले. मोठे घास, बंदरावर सुट्टी संपत आली की खात असतील तसे. दाढीला शितं चिकटली.

"चव नाही," ते म्हणाले.

"आधी गिळ तरी."

"गिळलं. चव नाही."

आमाने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी वाटी माझ्याकडे दिली. भात गार, घट्ट झालेला होता. मुळ्याकडची बाजू खारट होती. भात भातासारखाच लागत होता. मी दोन घास खाल्ले.

"नाही आमा," मी म्हणाले. "चव नाही."

"तुमच्या दोघांच्या जिभा सारख्याच," ती म्हणाली. "खोटं बोलायलाही सारख्याच." मग तिने माझ्या हातून वाटी घेतली, मुळ्याचा एक तुकडा तोंडात टाकला आणि चावू लागली. तिला पुढचे दात नाहीत, म्हणून चावायला वेळ लागतो. आम्ही तिच्या जबड्याकडे बघत होतो. तिने तो गिळला आणि दुसरा घास घेतला. वाटी रिकामी होईपर्यंत खाल्लं. मग बोटाने कडेचं शीत पुसून घेतलं, नाणी फोटोखाली ठेवली आणि भांडी घासायला गेली. त्या संध्याकाळी तिने काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासे आले. सवयीने. आमा रिकाम्या हाताने मागच्या दारात उभी होती आणि पायऱ्यांजवळचं पाणी शेकडो पाठींनी करडं झालं होतं. तोंडं वर काढून ते गोल फिरत होते. मी दोरीला बांधलेला तापमापक सोडला. वर नऊ पूर्णांक तीन, तळाशी बारा पूर्णांक एक.

"आले बघ, भुक्कड," आमा म्हणाली. "जा. काही नाही. जा खाली."

ते गेले नाहीत. बाबांनी पाण्यावर काठी आपटली. ते दचकून पांगले आणि पुन्हा आले. त्यातला एक आडवा झाला, सरळ झाला, पुन्हा आडवा झाला.

"अशानेच मरतील," बाबा म्हणाले. "भात असो की नसो."

"कोपरा बंद केला तर?" मी म्हणाले. "जाळ्याने. पायऱ्यांपर्यंत येताच येणार नाहीत."

बाबांनी थोडा विचार केला आणि छुईसेंग काकांना हाक मारली. काकांच्या स्वतःच्या खाईत मासे मरत होते, तरी ते आले. दिवसभर आम्ही बांबू ठोकले. बाबा आणि काका पाण्यात, मी काठावरून बांबू आणि दोरी देत होते. रबरी पोशाखातून थंडी आत जातेच. बाबांचे ओठ काळे पडले होते, शब्द जड झाले होते. गाठ मारायला बोटं वळेनात तेव्हा ते दोरी दाताने ओढत होते. आमा दर थोड्या वेळाने आल्याचं गरम पाणी आणत होती आणि बाबांच्या तोंडाला पेला लावत होती, ते हातात धरू शकत नव्हते म्हणून. सुतकाचा तागाचा तुकडा कधी पाण्यात पडला कुणाला कळलं नाही. आमाने घरातून दुसरा कापून आणला आणि पाण्यात उभ्या असलेल्या मुलाच्या दंडाला, काठावरून वाकून, टाचला.

"पडशील," बाबा म्हणाले.

"पडले तर तुझे मासे मला खातील. त्यांना सवय आहे."

छुईसेंग काका हसले आणि त्यांना खोकला आला.

थंडी आणखी वाढली. वरचं पाणी आठवर आलं. तळाचं दहा पूर्णांक आठवर आलं तेव्हा बाबांनी मला आकडा मोठ्याने सांगायला मनाई केली. मी मनात ठेवला, ते माझ्या चेहऱ्यावरून वाचत. आम्हा दोघांनाही जेवण जात नव्हतं. पण आकोंगचं ताट रोज दोन वेळा मांडलं जात होतं आणि त्यातलं काही उरत नव्हतं. आमा खात होती, आणि खाताना फोटोकडे बघत होती. एकदा मी विचारलं, "कसं लागतंय?"

"मीठ कमी पडलं," ती म्हणाली. मग पुढचा घास घेतला.

जाळ्याच्या पलीकडे मासे दिसेनासे झाले. वर एकही नव्हता. हे चांगलं की वाईट, ठरवता येत नव्हतं. तळाशी निपचित पडलेला मासा आणि तळाशी बुडालेला मेलेला मासा, वरून दोन्ही दिसत नाहीत. मेलेला मासा फुगून वर यायला गार पाण्यात दिवस लागतात. छुईसेंग काकांच्या खाईत आता ते वर येऊ लागले होते. ते दाताळ्याने पाट्या भरत होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. बाबा रोज सकाळी काठावर उकिडवे बसून पाण्यात बघत. हात पाण्यात घालून स्थिर धरत, अगदी आकोंग बसायचे तसे. पण त्यातून त्यांना काय कळत होतं ते मला माहीत नव्हतं. बहुधा काहीच नसावं. एकदा म्हणाले, "दादा हात घालून काय बघायचे, मी कधी विचारलंच नाही."

वारा एका दुपारी पडला. ऊन आलं आणि कुडाचं गवत वाळण्याचा वास सुटला. त्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे काका आले. घरात शिरून आधी त्यांनी आकोंगला उदबत्ती दाखवली, आमाच्या हातावर औषधांची पिशवी ठेवली, मग बूट काढून चप्पल घातली आणि मागच्या दाराने खाईवर आले.

"बांधापलीकडची माती उकरलेली दिसतेय," ते म्हणाले.

"पुरलेत," बाबा म्हणाले. "त्या कोपऱ्यातले. सत्तरच्या आसपास."

मी बाबांकडे पाहिलं. त्यांनी खरा आकडा सांगितला होता.

"बाकीचे?"

"खाली आहेत."

"जिवंत?"

"बघू."

मोठ्या काकांनी तोंड पुसलं. ते आता आकोंगसारखे दिसू लागले आहेत, विशेषतः मागून. "तेक, मला आनंद नाही यात. तू समजून घे."

"जाळ्यात येतील ते मोजून घे. मग बोलू."

बाबांनी फेकायचं जाळं खांद्यावर घेतलं. शिशाच्या गोळ्या एकमेकांवर आपटल्या. ते बांधाच्या मध्यभागी, जिथे खाई सगळ्यात खोल आहे, तिथे उभे राहिले. पाय रोवले. पहिल्या फेकीला जाळं नीट उघडलं नाही, अर्धं दुमडून पडलं. ते त्यांनी न बघता ओढून घेतलं, पुन्हा घडी घातली. आमा दारात उभी होती, ओल्या हाताने सदऱ्याचं टोक धरून. छुईसेंग काकांनी दाताळं खाली ठेवलं होतं.

दुसरी फेक गोल पडली. बाबांनी जाळं बुडू दिलं, दोरी ताणली आणि हळूहळू ओढलं. ओढताना हातांना ताण येत होता, पण तो पाण्याचा आहे, चिखलाचा आहे की माशांचा, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. जाळं काठावर आलं. मोठ्या काकांनी बाही वर केली, वाकले आणि एकेक मासा उचलून, कल्ले बघून, दोन पाट्यांत वेगवेगळे टाकू लागले. मोजणी त्यांनीच केली, मोठ्याने.

जाळ्यात त्रेचाळीस मासे होते. अडतीस जिवंत.